काठावरची शेजारीण

बूटवाले कालव्याकाठी चालायला निघाले की बघत राहावं. इस्त्रीची पँट, ताठ मान आणि पायांत असे चकचकीत बूट की वाकून त्यांत बघून भांग पाडावा. उभा जन्म चपला-बुटांच्या दुकानात गेला होता, गावभराच्या पायांशी बसून. कोणाचं कुरूप, कोणाची वाकडी बोटं, कोणाचे सपाट तळवे, सगळं ह्या माणसाने मांडीवर घेतलं आणि प्रत्येकाला तोंड भरून सांगितलं, "वा! काय छान बसलाय हो तुमच्या पायाला!" पुढे दुकान सुटलं, पण नाव काही सुटलं नाही. काठावर सगळे त्यांना बूटवालेच म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं.

कालव्याची ती वाट मोठी गुणाची. पूर्वी मालाच्या नावा घोडे ओढायचे, ते ह्याच वाटेने. घोड्याला चढ नको म्हणून वाट सपाट, त्याचा पाय मुरगळू नये म्हणून ठोकून ठोकून बसवलेली. नावा गेल्या, घोडे गेले, दगडी पुलाच्या कोपऱ्यावर दोर घासून पडलेल्या खाचा तेवढ्या राहिल्या. आता तिथे माणसं चालतात. कोणी साखर वाढली म्हणून, कोणी सुनेचं तोंड सकाळी सकाळी नको म्हणून. पुलापाशी जमायचं, एका अंगाला कालवा आणि दुसऱ्या अंगाला खाली नदी ठेवून कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दरवाजांपर्यंत जायचं. तिथे एक बाक आहे. त्यावर टेकायचं, जगाला नावं ठेवायची आणि परत फिरायचं.

बूटवाल्यांच्या कंपूत मास्तर आणि बेकरीवाले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा काही मास्तरांमधून निवृत्त झाली नव्हती. बेकरीवाले भट्टी मुलाच्या हवाली करून आलेले, पोट सुटलेले, बारीकसारीक गोष्टीला खो खो हसणारे. ही ओळख काठावरची, ती काठावरच राहायची. कोणी कोणाच्या घरी गेलेलं नव्हतं. आणि चालण्यात ह्या दोघांना बूटवाल्यांनी कधी पुढे जाऊ दिलं असेल तर शपथ! बाकापाशी आधी पोचायचे आणि मागून धापा टाकत येणाऱ्यांना म्हणायचे, "या, या. सावकाश या." त्या 'सावकाश'ने मास्तरांचं डोकं फिरायचं.

घरी ते आणि बायको, दोघंच. बायको टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. समोरचा शिव्या घालत असला तरी "लाइन बिझी आहे, जरा थांबा" हे ती अशा सुरात सांगायची की माणूस मुकाट थांबायचा. तो सूर तिला घरीही पुरला. आदल्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, बोलणं सावरलं, डावा पाय तेवढा मागे राहिला. चालताना तो जमिनीला घासत बाहेरून फिरून पुढे यायचा आणि त्याच्याबरोबर खांदाही वर-खाली व्हायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रोज चालायचं, सपाटीवर. नाही चाललात तर पाय आखडून बसेल, मग माझ्याकडे रडत येऊ नका."

सपाटी म्हणजे कालवाच. बूटवाल्यांनी ओळखीने जुन्या दुकानातून तिच्यासाठी खास बूट आणले. रुंद, काळे, जाड तळाचे, वरून पट्टी चिकटवायचे. दुकानात होते तेव्हा हे बूट ते सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायचे, गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत. बायकोने घालून बघितले, आरशात बघितलं आणि म्हणाली, "सुंदर नाहीत, पण पडू देणार नाहीत." दुसऱ्या दिवशी दोघं निघाले.

पुलावर मंडळी उभी होती. त्यांच्यात एक नवा चेहरा, पोस्टातल्या बाई, त्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या. बूटवाले सवयीने पुढे गेले होते, बायको थोडी मागे. खर्र, टप. खर्र, टप. सगळ्यांच्या नजरा बूटवाल्यांना ओलांडून त्या आवाजाकडे गेल्या. माणसं वाईट नव्हती हो. कोणी हसलं नाही, कोणी नाक मुरडलं नाही. पण त्या खर्र-टपने बूटवाल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढा झपाझप चालणारा माणूस, आणि त्याच्यामागे हे!

पोस्टातल्या बाईंनी सरळ मनाने विचारलं, "ह्या कोण? तुमच्याबरोबर आल्यात का?"

आता ह्याला उत्तर ते काय? 'ही माझी बायको.' संपलं. लग्नाच्या बायकोला माणूस 'ही' म्हणतो. कधी लाडाने म्हणतो, कधी वैतागून म्हणतो, पण 'ही'च म्हणतो. बूटवाल्यांच्या तोंडून मात्र आलं ते 'ह्या'.

"ह्या होय? ह्या आमच्या शेजारच्या."

'ही'ची 'ह्या' झाली आणि एका दमात बायको परकी झाली. अरे माणसा, तिने तुझी दुखणी-खुपणी काढली, तुझ्या आईचं अंथरूण वर्षानुवर्षं बदललं, आणि तू तिला शेजारच्या घरात ढकललीस? बोलून गेल्यावर बूटवाल्यांनी चोरून पाहिलं, तर बायको मान वळवून मागे बघत होती. कालव्यात बदकं असतील, त्यांच्याकडे बघत असेल. 'हिने ऐकलं नाही,' त्यांनी मनाशी म्हटलं, 'सुटलो बुवा.' आणि ते लगबगीने पुढे निघाले.

सुटतोय कसला! घरी ती दिवसभर नेहमीसारखीच वागली. चहा दिला, कपडे वाळत घातले, मुलीशी फोनवर गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी बाकावर सगळे टेकलेले असताना ती मागून पोचली, दम खाल्ला आणि चारचौघांत बूटवाल्यांना टेलिफोनवरच्या सुरात म्हणाली, "नमस्कार. बरे आहात ना? आणि घरच्या काय म्हणतात?"

बूटवाल्यांना असा ठसका लागला की बेकरीवाल्यांना त्यांची पाठ चोळावी लागली.

"हो, खरंच," मास्तर म्हणाले, "तुमच्या घरच्यांना आणत नाही कधी?"

"तिचे... तिचे गुडघे दुखतात. बाहेर पडत नाही ती."

"अरेरे," बायको म्हणाली. "फार दुखतात का हो?"

त्या दिवशी जमीन फाटली असती तर बूटवाल्यांनी बुटांसकट उडी मारली असती. घरी आल्यावर त्यांनी चाचरत विषय काढला, "अगं, ते काल पुलावर जे मी..." तिने हात वर करून त्यांना थांबवलं. "तो विषय काठावरचा. घरात नको." झालं. घरात ती नेहमीची बायको आणि काठावर शेजारीण. एकदा लागलेली लाइन ती तोडेना, आणि ह्यांना तोडायची हिंमत होईना.

त्यातून एक भलतंच झालं. काठावर आता तिला 'तू' म्हणायची सोय राहिली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात जिला 'तू'शिवाय हाक मारली नाही, तिला बूटवाले म्हणायला लागले, "जपून हं, इथे ओल आहे. तुम्ही दमलात का? बसता का जरा?" घरी ह्याच माणसाच्या तोंडी 'आटप की' आणि 'किती वेळ लावतेस' ह्याखेरीज काही नसायचं. परकीशी जेवढं अदबीने बोलावं तेवढं आपण आपल्या बायकोशी कधी बोललो नाही, हे त्यांना त्या वाटेवर कळलं. फार लाज वाटली. पण लाज वाटली तरी बरंही वाटत होतं, हा त्यातला आणखी ओशाळवाणा भाग.

शिवाय मागे राहण्यात गंमत होती. पोस्टातल्या बाईही तिच्याच चालीने चालायच्या आणि त्या दोघी सारख्या हसत असायच्या. बूटवाले पुढून कान टवकारायचे. हळूहळू त्यांचा वेग कमी झाला. कधी नाडी बांधायच्या निमित्ताने थांबायचे, कधी पाणी बघायच्या. एकदा बायकोने त्यांना पाण्याच्या कडेला एका पायावर उभा असलेला राखी बगळा दाखवला. "हा रोज इथेच असतो. तुम्ही इतकी वर्षं येता, बघितला नाहीत?" त्यांनी बघितला नव्हता. त्या वाटेवर त्यांनी स्वतःच्या बुटांखेरीज काही बघितलंच नव्हतं. मग त्या दिवशी ते तिच्याबरोबर तिथे बराच वेळ उभे राहिले आणि बाकावर सगळ्यात शेवटी पोचले. बेकरीवाले म्हणाले, "या, या. सावकाश या." सगळे हसले, मास्तर मात्र हसले नाहीत.

मास्तरांच्या मनात भलतीच पाल चुकचुकली होती. घरी गुडघ्यांनी अधू बायको, आणि हा गडी रोज शेजारणीच्या मागे मागे! असं काही दिसलं आणि मास्तर गप्प बसले, हे कसं व्हायचं? एका सकाळी सगळे बाकावर असताना त्यांनी घसा साफ केला. बूटवाल्यांना वाटलं, आपल्यालाच बोलणार. पण मास्तर वळले ते तिच्याकडे.

"बाई, वयाने मोठा म्हणून बोलतो. राग मानू नका."

"बोला ना."

"ह्यांच्या घरी बायको आहे. दाराबाहेर पडत नाही ती बिचारी. आणि तुम्ही दोघं इथे रोज मागे रेंगाळता, हसता-खिदळता. चार लोक बघतात, बोलतात. तुम्ही शहाण्यासुरत्या दिसता. तिच्या जागी तुम्ही असता तर कसं वाटलं असतं?"

बेकरीवाले हसायचे थांबले. पोस्टातल्या बाई बाकावर जराशा सरकून बसल्या, तिच्यापासून लांब. बूटवाल्यांनी ते पाहिलं. बायकोचा चेहरा लाल झाला होता आणि तिने आपला डावा पाय, त्या काळ्या बुटासकट, हळूच बाकाखाली ओढून घेतला. काठावर आल्यापासून तिने तो पाय कधी कोणापासून लपवला नव्हता.

मग तिने बूटवाल्यांकडे पाहिलं. ती थांबली होती. एक वाक्य हवं होतं फक्त. आणि त्या क्षणी ह्या गृहस्थांच्या डोक्यात काय आलं असेल? सांगायचीसुद्धा लाज वाटते. त्यांच्या डोक्यात आलं की आता खरं बोललो तर हे लोक मला काय म्हणतील! टाळूला जीभ चिकटली ती चिकटलीच.

तिने आणखी थोडी वाट पाहिली. मग तोच जुना सपाट, गोड सूर लावून ती म्हणाली, "अहो मास्तर, ती बिचारी मीच. मीच ह्यांची बायको. आमची पैज लागली होती. ह्यांना म्हटलं, तुमचे मास्तर किती का हुशार असेनात, त्यांना पत्ता लागणार नाही."

बेकरीवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "मास्तर, गेलात की हो कामातून!" मास्तर आधी गोरेमोरे झाले, मग त्यांनाही हसू फुटलं. पोस्टातल्या बाईंनी तिचा हात धरला, "काय बाई तुम्ही! मी आपली खरंच..." सगळे हसत होते. बूटवालेही हसले. बायकोने फेकलेली दोरी त्यांनी पटकन धरली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. ती तेवढी हसत नव्हती.

घरी आल्यावर तिने बूट काढले आणि खालच्या फळीवर आत सरकवून ठेवले. "उद्यापासून मी येत नाही."

"का गं?"

"खेळ संपला ना."

"आणि पाय?"

"घरातल्या घरात फिरेन."

घरातल्या घरात किती फिरणार? पलंगापासून खिडकी आणि खिडकीपासून पलंग. आठवडाभरातच ती टेबलाची कड धरून उभी राहायला लागली. रात्री पोटरीत गोळे यायचे, तेव्हा ती दात आवळून पडून राहायची. बूटवाले काठावर एकटे जात. तिथे आता त्यांच्या बायकोचा कोण मान! "वहिनी कुठे आहेत?" "वहिनींना म्हणावं, मास्तरांना अजून एकदा फसवा." दर वेळी हशा व्हायचा आणि दर वेळी बूटवाल्यांना कोणी थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं. एकदा तर 'तिचे गुडघे दुखतात' हे शब्द पुन्हा ओठांवर आले. बूटवाले तिथूनच मागे फिरले.

घरी ती खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होती. बूटवाल्यांनी फळीवरून काळे बूट काढले, कपाटातून बूट चढवायची आपली जुनी पट्टी काढली आणि तिच्यापुढे खाली बसले, दुकानात बसायचे तसे. अख्ख्या गावाला ह्या माणसाने बूट घातले होते, बायकोला एकदाही नाही. तिचा डावा पाय त्यांनी मांडीवर घेतला. तो गार होता आणि बोटं आत वळली होती. कोणाही गिऱ्हाइकाला सहज म्हणायचे तसलं काही त्यांना आता बोलता येईना.

"मला तुझी लाज वाटली होती," ते खाली बघत म्हणाले. "तुझ्या चालण्याची. म्हणून तसं बोललो."

"माहीत आहे मला."

"चुकलो मी. फार चुकलो."

"हे मला घरात बसून सांगून काय उपयोग? मी शेजारची आहे असं तुम्ही मला थोडंच सांगितलं होतंत? त्यांना सांगितलं होतंत."

बूटवाल्यांनी मान वर केली. त्यांच्या लक्षात आलं, ह्यातून सुटका नाही. "चल," ते म्हणाले.

तिने दुसरा पाय पुढे केला. "वरची पट्टी जरा घट्ट लावा."

बाकापाशी पोचायला त्यांना खूप वेळ लागला. आखडलेला पाय उचलायला तिला कष्ट पडत होते आणि बूटवाले तिचा दंड धरून तिच्या बाजूने चालत होते. मंडळी परत निघायच्या बेतात होती. "आल्या, वहिनी आल्या!" बेकरीवाले ओरडले. "आता काय नवीन नाटक?"

"नाटक नाही," बूटवाले म्हणाले. "थांबा जरा. मला बोलायचंय. पैज वगैरे काही नव्हती."

"अहो, असू दे की, मजा आली..."

"नव्हती पैज. ही लंगडते ना, मला त्याची लाज वाटली. तुम्ही सगळे बघत होता, आणि मी सांगून टाकलं, शेजारच्या म्हणून. त्या दिवशी मास्तर हिला नको ते बोलले, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. हिनेच मला सांभाळून घेतलं. आणि मी हसलो."

बेकरीवाल्यांनी टोपी काढली आणि उगीच आत बघून पुन्हा घातली. मास्तर चष्मा पुसायला लागले, पुसतच राहिले. 'असं होतं हो कधी कधी' असं कोणीतरी म्हणेल म्हणून बूटवाले थांबले होते, पण कोणी म्हणालं नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि ते तसेच उभे राहिले. पोस्टातल्या बाई उठल्या, तिला हाताला धरून बाकावर बसवलं आणि तिला चिकटून बसल्या.

"झालं बोलून?" थोड्या वेळाने बायको बूटवाल्यांना म्हणाली. "मग निघू या. ऊन चढतंय."

परतताना दोघंच होते. मंडळी पुढे निघून गेली, ह्या वेळी बूटवाल्यांना मागे ठेवून. बगळा आपल्या जागी उभा होता. खर्र, टप. पुलापाशी आल्यावर ती थांबली आणि दोरांनी खाचा पडलेल्या त्या कोपऱ्याच्या दगडाला तिने हात टेकला.

"दमलीस का?" त्यांनी विचारलं. मग आठवण झाल्यासारखं पुन्हा विचारलं, "बसतेस जरा?"

"नको." ती पाण्याकडे बघत होती. "त्या दिवशी तुम्ही इथेच उभे होतात ना?"

"हो. मला वाटलं होतं, तू ऐकलं नाहीस. मागे वळून बदकं बघत होतीस."

"कुठली बदकं?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, ह्या आमच्या शेजारच्या. मला कळेचना, कोणाबद्दल बोलताय. म्हटलं, शेजारचं कोण आलंय, म्हणून वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं."